टाच टेकतानाचा क्षण: आठ कॅमेऱ्यांची शटर जुळवण्याचे एक प्रकरण

चालताना टाच जमिनीला टेकते त्या क्षणी पावलाचा आकार नेमका कसा असतो, याचे त्रिमितीय मॉडेल एका गटाला हवे होते. काम बुटांच्या साच्यांचे. उभ्या माणसाचे पाऊल मोजायला फारशी अडचण नाही. तो स्वस्थ उभा राहतो, आपण एकच कॅमेरा घेऊन भोवती फिरतो, आणि फोटोग्रामेट्रीला, म्हणजे अनेक कोनांतल्या फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बांधायला, पुरतील एवढे फोटो मिळतात. चालते पाऊल कोणासाठी थांबत नाही. म्हणून चालण्याच्या पट्ट्याभोवती अर्धवर्तुळात आठ कॅमेरे बसवले होते आणि आठांनी एकदमच फोटो काढावा अशी योजना होती. माझ्याकडे प्रकरण आले तेव्हा मांडणी तयार होती, फोटो निघत होते, मॉडेल मात्र बनत नव्हते.

कॅमेरे एकाच मॉडेलचे, १२ मेगापिक्सेलचे कॅनन पॉवरशॉट, सीसीडी सेन्सरवाले, आणि त्यांत सीएचडीके. हे हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेले मोफत सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या मूळ फर्मवेअरला, म्हणजे त्याच्या आतल्या कायमच्या प्रोग्रामला, हात लावत नाही. एसडी कार्डावर बसते, कार्डाच्या कडेची खटकी लॉकवर सरकवली की कॅमेरा सुरू होताना आपोआप लोड होते, आणि कार्ड काढले की कॅमेरा जसाच्या तसा. त्याच्यातली यूएसबी रिमोटची सोय गटाने वापरली होती. आठ केबल, दोन हब, एक अ‍ॅडॉप्टर आणि भिंतीवरचे बटण. बटण दाबले की आठही कॅमेरे क्लिक करत. कानाला तो आवाज बऱ्यापैकी एकच वाटे, आणि तिथेच सगळ्यांचे समाधान झाले होते.

फरशी उत्तम, अंगठे दोन

पहिले मॉडेल पाहिल्यावर निम्मे निदान झाले. जमिनीवर सांकेतिक खुणांचा एक तक्ता ठेवला होता. तो मॉडेलमध्ये सपाट, रेखीव, कडा धारदार. त्याच्यावरचे पाऊल म्हणजे पिंजलेल्या कापसाचा ढीग. बाजूने फिरवून पाहिले तर अंगठे दोन दिसत, एक जमिनीला लागलेला आणि दुसरा त्याच्या बराच वर.

गटाचा संशय लेन्सच्या कॅलिब्रेशनवर होता, मग सॉफ्टवेअरवर, मग कातडीचा रंग फार एकसारखा आहे म्हणून बिंदू सापडत नाहीत या शक्यतेवर. पण कॅलिब्रेशन चुकले असते तर तक्ताही वाकडा आला असता. कातडीचा मुद्दा निकालात काढायला प्लास्टरचे पाऊल त्याच जागी ठेवले आणि तेच बटण दाबले. मॉडेल पहिल्या फटक्यात आले. प्लास्टरचा रंग कातडीपेक्षाही एकसुरी होता. म्हणजे जागा बरोबर, प्रकाश बरोबर, सॉफ्टवेअर बरोबर. फक्त वेळ चुकत होती. बहुकॅमेरा मांडणीत स्थिर गोष्टी चांगल्या येऊन हलत्या गोष्टी फाटत असतील, तर दुसरीकडे कुठे बोट दाखवायच्या आधी शटरकडे बघावे.

किती जुळायला हवे

हा प्रश्न आधी कोणी विचारलाच नव्हता. 'एकाच वेळी' हे काही माप नाही. सामान्य चालीत पाऊल हवेत पुढे झेपावते तेव्हा त्याचा वेग शरीराच्या वेगाच्या तिप्पट तरी होतो. टाच टेकायच्या सुमारास तो झपाट्याने उतरतो. हिशेबाला सेकंदाला १ मीटर धरला, तो सोयीचाही आहे, कारण मग १ मिलिसेकंद म्हणजे बरोबर १ मिलिमीटर. चौकटीत ६०० मिलिमीटर रुंदी ४,००० पिक्सेलांत पसरली होती, म्हणजे एक पिक्सेल ०.१५ मिलिमीटर. दोन कॅमेऱ्यांत १ मिलिसेकंदाचा फरक पडला की पाऊल सुमारे सात पिक्सेल सरकलेले दिसणार. १०० मिलिसेकंदांचा फरक पडला तर १० सेंटिमीटर, आणि तेवढ्यात पाऊल वेगळ्याच अवस्थेत पोहोचते. गटाला साच्यात अर्ध्या मिलिमीटरची अचूकता हवी होती. त्यामुळे अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत येणे भाग होते, आणि शक्यतो त्याहून बरेच आत.

हे माप प्रत्येक कामाला वेगळे असते. २००९ साली डॅनियल रीट्झने घरी बनवता येईल असा पुस्तक स्कॅनर मांडला, त्यात स्वस्त कॅमेऱ्यांची जोडी होती आणि अशा कॅमेऱ्यांना यूएसबीने एकत्र बटण द्यायची युक्ती पुस्तक स्कॅन करणाऱ्यांत चांगलीच रुळली. तिथे अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही, पान हलत नाही. उलट स्टिरिओ फोटोग्राफीवाल्यांना हलत्या माणसांचे, पाण्याचे जोडफोटो हवे असतात. डेव्हिड साइक्सचे स्टिरिओ डेटा मेकर हे सीएचडीकेतूनच निघाले ते या गरजेपोटी. शटर एकाच ठोक्याला सोडण्याच्या बऱ्याच क्लृप्त्या त्या मंडळींनी आधी पचवलेल्या आहेत, आणि आपण नव्याने डोके फोडण्यापेक्षा त्यांच्या वाटेने जावे हे बरे.

लाल तार

यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: लाल ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची, पांढरी आणि हिरवी डेटाची. रिमोटला लाल आणि काळी पुरते. आपल्याला कॉम्प्युटर जोडलेला आहे हे कॅमेऱ्याला लाल तारेवरच्या व्होल्टेजवरून कळते. सीएचडीके ही खबर मूळ फर्मवेअरपासून दडवते, नाहीतर कॅमेरा लगेच फोटो पाठवायच्या मोडमध्ये गेला असता, आणि तिचाच बटणासारखा उपयोग करते. या तारेवरून कॅमेऱ्याला 'फोटो काढ' असा काही आदेश जात नाही. फक्त वीज आली आणि वीज गेली, एवढेच.

नेमके याच कारणाने ही पद्धत कॉम्प्युटरवरून आदेश देण्यापेक्षा जास्त अचूक ठरते. कॉम्प्युटर आठ कॅमेऱ्यांना आठ निरोप एकापाठोपाठ पाठवतो. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या सवडीने काम करते, आणि कॅमेरा तो निरोप उलगडून त्याच्या सवडीने वागतो. पीटीपी या कॅमेरा-कॉम्प्युटर संवादाच्या पद्धतीवरून कॅमेऱ्यांची घड्याळे जुळवून ठरल्या वेळी शटर सोडायची सोयही आहे, पण कॅमेऱ्याच्या आतले ते घड्याळ १० मिलिसेकंदांच्या टप्प्याने चालते. पुस्तकाच्या पानाला पुरे, पावलाला नाही.

गटाने रिमोट चालू केला होता. सीएचडीकेच्या मेनूत त्याच्या खालीच असलेला सिंकचा, म्हणजे शटर जुळवण्याचा, पर्याय तसाच बंद राहिला होता. त्यामुळे वीज येताच प्रत्येक कॅमेरा आपापल्या परीने कामाला लागे. फोकस शोधायचा, प्रकाश मोजायचा, मग शटर. समोरच्या कॅमेऱ्याला पावलाची कड सापडे आणि त्याचा फोकस पटकन लागे. बाजूच्याला फक्त नडगी दिसे आणि तो लेन्स पुढेमागे करत बसे. आठांचा आवाज एका ठोक्यात आल्यासारखा वाटला तरी मधला फरक शेकडो मिलिसेकंदांत जाऊ शकतो.

सिंक चालू असला की क्रम उलटतो. वीज येते तेव्हा कॅमेरा बटण अर्धे दाबल्यासारखी सगळी तयारी उरकतो, पुढे जातो, आणि एक्स्पोजर सुरू होण्याच्या अगदी तोंडाशी येऊन अडून राहतो. आता तो फक्त एकाच गोष्टीकडे डोळे लावून असतो: लाल तारेवरची वीज कधी जाते. ती गेली की शटर. कोणाची तयारी ५० मिलिसेकंदांत झाली, कोणाची ३०० मध्ये, याने काही फरक पडत नाही, सगळे पोहोचेपर्यंत वीज चालू ठेवली म्हणजे झाले. इशारा वीज येण्याचा नसून जाण्याचा आहे, ही या सगळ्यातली मेख. पुढचा घोळही तिच्यातच निघाला.

शंभर दिवे

सेटिंग बदलून लगेच पाऊल टाकायला लावायचा उत्साह गटात होता. मी तो थोपवला. मॉडेल सुधारले की नाही यावरून शटरचा अंदाज घेणे म्हणजे तापमापक असताना कपाळाला हात लावण्यातला प्रकार. आधी मोजायचे साधन हवे.

ते साधन अगदी साधे. दहा गुणिले दहा अशी शंभर एलईडींची चौकट, मायक्रोकंट्रोलरला जोडलेली. एका वेळी एकच दिवा लागतो, ०.१ मिलिसेकंद, मग पुढचा. शंभर दिव्यांची फेरी १० मिलिसेकंदांत पुरी होते. शेजारी दहा दिव्यांची आणखी एक रांग, तिच्यातला प्रत्येक दिवा एका फेरीइतका म्हणजे १० मिलिसेकंद लागतो, म्हणजे कोणती फेरी चालू आहे तेही कळते. सगळे मिळून १०० मिलिसेकंदांचे घड्याळ. डोळ्यांना सगळे दिवे मंद पेटलेले दिसतात. १/१००० सेकंदाने काढलेल्या फोटोत मात्र सलग दहा दिवे पेटलेले येतात आणि बाकी काळोख. पहिला पेटलेला दिवा म्हणजे एक्स्पोजरची सुरुवात, शेवटचा म्हणजे अंत. आठ फोटो शेजारी ठेवले की कोण किती मागे हे बोटाने मोजता येते. चौकट आठही कोनांतून दिसावी म्हणून तशाच तीन चौकटी एकाच मायक्रोकंट्रोलरवर लावून तिन्ही दिशांना तोंड करून ठेवल्या.

पहिली मोजणी सिंक बंद ठेवूनच घेतली, मुद्दाम. आठ फोटो १०० मिलिसेकंदांच्या घड्याळातही मावले नाहीत. मग सिंक चालू केला आणि प्रत्येक कॅमेरा हाताने एकसारखा केला: फोकस मॅन्युअल आणि अंतर कुलूपबंद, शटर, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स ठरावीक, कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश बंद, स्थिरीकरण बंद, फोटो काढल्यावर तो दाखवत बसायची सवय बंद, झूम एकाच टप्प्यावर. सिंकमध्ये तयारीच्या वेळेने फरक पडत नसेल तर हे सगळे कशाला, असे कोणी विचारेल. एक तर मॉडेलसाठी आठही फोटो एकाच मापाचे लागतात. दुसरे म्हणजे तोंडाशी अडून राहायलाही सीएचडीकेत वेळेची मर्यादा आहे. एखादा कॅमेरा फोकसच शोधत राहिला तर इशारा येईल तेव्हा तो जागेवरच नसेल.

आता पाच कॅमेरे एकमेकांच्या जवळ आले. तीन मात्र मागे राहिले, आणि तेही थोडेथोडके नाही. फोटोंत पेटलेल्या दिव्यांचा पट्टा पार पुढच्या फेऱ्यांत गेलेला.

उतार

मागे पडलेल्या तिघांपैकी दोन कॅमेऱ्यांची अदलाबदल पुढच्या दोघांशी केली. उशीर कॅमेऱ्यांबरोबर गेला नाही, जागेवरच राहिला. ते तिन्ही दुसऱ्या हबवर होते, आणि तो हब पहिल्या हबच्या एका पोर्टला जोडलेला. म्हणजे पाणी तारेतच मुरत होते.

ऑसिलोस्कोपचे, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर काढून दाखवणाऱ्या यंत्राचे, टोक लाल तारेवर ठेवून भिंतीवरचे बटण बंद केले. अशा वेळी पडद्यावर उभा कडा दिसायला हवा. दिसला तो लांबलचक उतार. व्होल्टेज ५ वरून निवांत खाली येत होते, आणि २ व्होल्टच्या आसपास पोहोचल्यावर आणखीनच रेंगाळत होते. कारण दोन्ही अर्थी उघड्यावर होते. बटण अ‍ॅडॉप्टरच्या भिंतीकडच्या बाजूला होते, त्यामुळे वीज तोडल्यावरही अ‍ॅडॉप्टरमधले कपॅसिटर साठवलेली वीज हबला पुरवत राहत. ती वीज खर्च करणारे तरी कोण? हबवरचा तो बारीक लाल सूचक दिवा, जवळजवळ एकटाच. लाल एलईडीला पेटायला साधारण १.८ व्होल्ट लागतात. व्होल्टेज तिथवर उतरले की दिवा विझतो, आणि उरलेल्या विजेला वाट राहत नाही. कॅमेऱ्यांचा 'वीज गेली' म्हणण्याचा उंबरठा नेमका याच टापूत कुठेतरी असावा. दुसऱ्या हबच्या तोंडाशी डायोड होता. त्याने वीज आत येऊ दिली, मागे जाऊ दिली नाही; म्हणून त्या हबचा उतार पहिल्यापासून तुटून स्वतंत्र चालू लागला, आणि तिन्ही कॅमेरे त्या वेगळ्या उतारावर बसलेले.

उपाय दोन भागांत केला. हब आणि अ‍ॅडॉप्टरचे बटण दोन्ही काढून टाकली. एका छोट्या डबीत आठ केबलींच्या लाल तारा एकाच जाड पट्टीवर सोल्डर केल्या, काळ्या दुसऱ्या पट्टीवर, आणि डेटाच्या तारा कापून टोके झाकली. पट्टीला ५ व्होल्ट देणारा एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि पट्टी ग्राउंडकडे खेचणारा दुसरा. एक चालू तेव्हा दुसरा बंद. वीज नुसती तोडायची नाही, ओढून खाली आणायची, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

ओढताना किती ओहमचा रेझिस्टर ठेवायचा, याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. यूएसबीच्या नियमानुसार उपकरणाच्या आत लाल तारेवर १ ते १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. वाईटात वाईट धरले तर आठांचे ८० मायक्रोफॅरड. आता समजा, एका कॅमेऱ्याचा उंबरठा २.२ व्होल्टवर आहे आणि दुसऱ्याचा २.० वर. १ किलोओहमने खेचले तर व्होल्टेज २.२ वरून २.० वर यायला साडेसात मिलिसेकंद लागतात, म्हणजे तेवढा फरक कॅमेऱ्यांत पडला. ४७ ओहमने खेचले तर ०.३६ मिलिसेकंद. १० ओहमने जेमतेम ०.०८. त्या वेळी क्षणभर अर्धा अँपिअर वाहतो, मॉस्फेटला त्याचे काही वाटत नाही. १० ओहम ठेवला. उंबरठे वेगळे असणारच, ते आपल्या हातात नाहीत. उतार उभा केला की त्यांच्यातले अंतर वेळेत उरत नाही. शिवाय सगळे एकाच पट्टीवर असल्याने सगळ्यांना उतार तोच दिसतो.

मॉस्फेटऐवजी दुहेरी संपर्काचा रिले वापरला असता तरी चालले असते. रिलेला हलायला काही मिलिसेकंद लागतात, पण तो उशीर आठांना सारखाच, म्हणून जुळणीला बाधत नाही. केबलींची लांबी सारखी हवी का, हेही गटातल्या एकाने विचारले. तारेतून इशारा मीटरभर जायला काही नॅनोसेकंद लागतात. तिकडे बघूसुद्धा नये. ही पट्टी कॉम्प्युटरच्या पोर्टशी मात्र कधीही जोडू नये, कारण तिला आपण दर वेळी ग्राउंडकडे खेचतो आहोत.

नव्या डबीवर मोजले तेव्हा आठही फोटोंतला पहिला पेटलेला दिवा दोन-तीन दिव्यांच्या आत आला. शेवटच्या दिव्यात फरक थोडा जास्त होता, आणि त्यात नवल नाही. या जातीच्या सीसीडी कॅमेऱ्यांत एक्स्पोजर सुरू होते ते सेन्सरवरचा भार झटकून, विजेच्या वेगाने. संपते ते लेन्समधली पाती मिटून, आणि पाती म्हणजे शेवटी स्प्रिंग आणि घर्षण.

पावलाचे मॉडेल आले. अंगठा एकच.

खिडकी आणि क्षण

इथे थांबता आले असते, आणि गटाची तयारीही होती. मला दोन गोष्टी खटकत होत्या. १/१००० सेकंदाच्या शटरमध्येही पाऊल १ मिलिमीटर सरकते, म्हणजे सात पिक्सेलांचा पुसटपणा, आणि शटर आणखी जलद करायला प्रकाश अपुरा पडत होता. दुसरी गोष्ट, फोटो टाच टेकण्याच्याच क्षणी निघतो कशावरून? बटण माणूस दाबत होता. पट्ट्यावर इन्फ्रारेड किरण आडवा लावून टाचेने तो तोडला की वीज जाईल असे केले, तरी वीज जाण्यापासून शटर उघडेपर्यंत कॅमेऱ्याचा स्वतःचा काही वेळ जातो. तो सगळ्यांना सारखा, मोजून किरण तेवढा अलीकडे सरकवता येतो. पण भरभर चालणाऱ्याला आणि सावकाश चालणाऱ्याला तेवढ्याच वेळात वेगवेगळे अंतर कापले जाते.

दोन्हींवर एकच उतारा निघाला: खिडकी तारेने उघडायची आणि क्षण प्रकाशाने ठरवायचा. खोली अंधुक केली. शटर १/१५ सेकंदावर नेले, म्हणजे सुमारे ६७ मिलिसेकंदांची खिडकी. पट्ट्यावर दोन किरण लावले. पहिला तुटला की लाल तारेवरची वीज जाते आणि आठही खिडक्या उघडतात. दुसरा, अगदी टाच टेकण्याच्या रेषेवरचा, तुटला की फ्लॅश उडतो. हातातला फ्लॅश पूर्ण ताकदीवर साधारण मिलिसेकंदभर जळतो, ताकद सोळाव्या हिश्शावर आणली की त्याचा झोत दहा हजारांश सेकंदाच्या आसपास येतो. म्हणून एक फ्लॅश पूर्ण ताकदीवर न लावता कमी ताकदीचे चार एकत्र लावले. दहा हजारांश सेकंदात पाऊल सरकते ०.१ मिलिमीटर, एका पिक्सेलहून कमी. आणि फ्लॅश आठांनाही तोच असल्याने आता कॅमेऱ्यांतला उरलासुरला फरक निरर्थक झाला, पात्यांचाही.

मग तारेवर केलेले सगळे काम फुकट गेले काय? नाही. आधीच्या मांडणीत आठ खिडक्यांना सामाईक असा तुकडाच नव्हता. फ्लॅश केव्हाही उडवला असता तरी कोणीतरी आंधळा राहिला असता. त्या एकाच वेळी उघडू लागल्या म्हणून खिडकी ६७ मिलिसेकंदांत भागली, नाहीतर ती अर्ध्या सेकंदाची ठेवावी लागली असती आणि अंधारही तितकाच गडद करावा लागला असता. अंधारात माणसे चालतात तशी चालत नाहीत, चाचपडतात. आणि चाचपडणारे पाऊल मोजून बूट काय बनवणार? अंधार किती हवा याची परीक्षा सोपी आहे: फ्लॅश बंद ठेवून त्याच सेटिंगवर फोटो काढायचा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. पावलाची पुसट आकृतीसुद्धा दिसली तर ती मॉडेलमध्ये भूत होऊन उतरते.

ही युक्ती सीसीडी आणि पात्यांच्या शटरमुळे सहज जमली. सीमॉस सेन्सरचे इलेक्ट्रॉनिक शटर ओळीमागून ओळ उघडते. सगळ्या ओळी उघडायला १/३० सेकंद लागत असेल आणि एक्स्पोजर १/६० चे असेल, तर सगळ्या ओळी एकदम उघड्या आहेत असा क्षणच येत नाही आणि फ्लॅश अर्ध्याच फोटोवर पडतो. तसे कॅमेरे असतील तर खिडकी आणखी लांब धरावी लागेल.

कामाच्या दिवशी

चालणारा शेवटच्या दोन-तीन पावलांवर आला की एक जण बटण दाबून वीज देतो. त्याआधी दिली तर कॅमेरे वाट पाहून कंटाळतात आणि मर्यादा संपते. बॅटऱ्यांऐवजी प्रत्येक कॅमेऱ्याला बॅटरीच्या आकाराचा पुरवठा दिला, कारण लाल तार इशाऱ्यापुरती आहे, तिच्यावर कॅमेरा चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो नावांच्या गोंधळाने. डेटाच्या तारा कापल्यामुळे फोटो कार्डांवरून उतरवावे लागतात, आणि गट ते फाइलच्या क्रमांकाने जुळवत असे. एखाद्या कॅमेऱ्याने एक इशारा जरी चुकवला तरी त्याचे पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात, आणि मॉडेल पुन्हा फाटते. लक्षणे अगदी जुन्या रोगासारखी: फरशी उत्तम, अंगठे दोन. पुन्हा ऑसिलोस्कोप काढायची वेळ आली होती, इतक्यात एका फोटोत मोजा निळा आणि दुसऱ्यात राखाडी दिसला. तेव्हापासून तीन चौकटींच्या शेजारी आकड्यांचे फलक बसवले, प्रत्येक इशाऱ्याला आकडा एकाने वाढतो, आणि तो आठही फोटोंत दिसतो. जुळणी आता त्या आकड्यावरून होते. ज्या आकड्याचे आठ फोटो भरत नाहीत तो संच गट सरळ टाकून देतो आणि त्या माणसाला पुन्हा एकदा चालायला सांगतो.

धावणाऱ्या पावलासाठीही हीच मांडणी चालेल का, अशी विचारणा नंतर झाली. जुळणी पुरेल आणि फ्लॅशही आणखी छोटा करता येईल. अडचण येईल ती पहिल्या किरणाच्या जागेची. धावताना कॅमेऱ्यांच्या उशिराइतक्या वेळात पाऊल दुप्पट-तिप्पट अंतर कापते, म्हणून तो किरण बराच अलीकडे घ्यावा लागेल, आणि तिथे आधीचे, दुसरे पाऊल त्याला अडवून बसेल. त्यासाठी किरण घोट्याच्या उंचीवरून काढून गुडघ्यापर्यंत वर न्यायचा की जमिनीत दाबाची पट्टी बसवायची, यावर गटात अजून एकमत नाही. मी पट्टीच्या बाजूचा आहे.